कोल्हापुरातल्या ट्रान्स पोरांसाठी अद्भुतकथा कुठं आहे?

मराठीत चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांसाठी जादू, भुतं, शाप-उःशाप असलेल्या कादंबऱ्या मुळातच कमी. त्यात नायक ट्रान्स, म्हणजे जन्मताना मुलगी ठरवला गेलेला मुलगा किंवा मुलगा ठरवली गेलेली मुलगी, असलेली तर माझ्या हाती अजून एकही लागलेली नाही. हे मला खटकतं, आणि कोल्हापुरात राहून जास्तच खटकतं. का, ते सविस्तर लिहिते.

एडन थॉमस या ट्रान्स लेखकाची 'सेमेटरी बॉइज' ही कादंबरी २०२० मध्ये अमेरिकेत आली. आमच्या वाचनगटातल्या मोठ्या मुलांना मी ती थोडी थोडी मराठीत सांगत गेले. नायक याड्रिएल सोळा वर्षांचा, लॉस एंजेलिसमधल्या एका दफनभूमीत राहणाऱ्या घराण्यातला. घरात विद्या पिढीजात चालत आलेली. बायकांच्या हाताला गुण, त्या दुखणी बरी करतात. पुरुष मागं अडकलेल्या आत्म्यांना मोकळं करतात. याड्रिएल ट्रान्स मुलगा आहे, पण घरचे त्याला मुलांचा दीक्षाविधी करू देत नाहीत. मग मारित्झा या बहिणीला सोबत घेऊन तो चोरून स्वतःच विधी उरकतो. आणि मृत्यूची देवी त्याला पावते!

हे सगळं कादंबरीच्या सुरुवातीलाच घडतं. देवीला त्याला ओळखायला क्षणाचाही वेळ लागत नाही. वेळ लागतो तो घरच्यांना. त्यात ज्युलियन नावाच्या पोराचं भूत चुकून बोलावलं जातं आणि काही केल्या जायलाच तयार होत नाही. मुलं या भुतावर जाम खूष. "मॅडम, भूत लई भारी हाय" हे मी कितीदा ऐकलं असेल.

देवी पावते म्हणजे काय, हे मात्र आमच्या मुलांना समजावून सांगावं लागलं नाही. कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या यल्लमादेवीची यात्रा करून जग (डोक्यावरून नेलेल्या देवीच्या मूर्ती) परत आले की इथं ओढ्यावरच्या यल्लमाची आंबील यात्रा भरते. आंबील, भाकरी, वडी, गाजर, कांद्याची पात असा नैवेद्य घेऊन गाव लोटतं. साडी नेसलेले जोगते, म्हणजे देवीला सोडलेले पुरुष, डोक्यावर जग घेऊन नाचतात, चौंडकं वाजतं, आयाबाया पोराबाळांसकट त्यांच्या पाया पडतात. यात्रा उठली की त्याच जोगत्याला कुणी भाड्यानं खोली देत नाही.

म्हणजे देवीनं ओळखण्याची गोष्ट आपल्याकडं आहेच. पण तिची पुढची वाट एकच: शाळा सुटते, घर सुटतं, हातात जोगव्याची परडी येते. ती वाट किती काट्यांची, हे आपल्याच जिल्ह्यातल्या राजन गवस यांनी 'चौंडकं' आणि 'भंडारभोग'मध्ये लिहून ठेवलंय. ती पुस्तकं मोठ्यांनी वाचलीच पाहिजेत. पण प्रत्येक जोगता ट्रान्स नसतो, आणि प्रत्येक ट्रान्स पोराला देवीच्या नावानं सुटायचं नसतं. कुणाला पॉलिटेक्निकला जायचं असतं. कुणाला मुलगा म्हणून तालमीत उतरायचं असतं.

याड्रिएलला देवी पावल्यावर गटातल्या एकानं विचारलं, "मग त्यानं शाळा सोडली?" नाही सोडली, म्हटलं. त्याला ते पटेना. देवी पावल्याचं त्याला नवल नव्हतं, शाळा न सुटल्याचं होतं. मला अशा कादंबऱ्या मराठीत हव्या आहेत, त्या या प्रश्नासाठी.

काही जण म्हणतील, जादूनं काय होणार, आधी वास्तव लिहा. त्यांनी एप्रिल डॅनियल्स यांची २०१७ मधली 'ड्रेडनॉट' बघावी. त्यात मरणाऱ्या महानायकाची शक्ती डॅनी या पंधरा वर्षांच्या ट्रान्स मुलीकडं येते आणि तिचं शरीर तिला हवं तसं मुलीचं होतं. अंगात अचाट बळ येतं. तरी घरी बाप ओरडायला लागला की ती गोठते, कारण त्याला तिला 'बरं' करून परत मुलगा बनवायचंय. जादूनं शरीर बदललं, घर नाही बदललं. यापेक्षा वेगळं वास्तव ते कोणतं?

आणि हे सगळं परदेशी खूळ आहे असं वाटत असेल, तर महाभारताचं उद्योगपर्व काढा. द्रुपदाची मुलगी शिखंडिनी मुलगा म्हणूनच वाढते. लग्न होतं, गोष्ट फुटते, सासरा सैन्य घेऊन चालून येतो. आपल्यामुळं आईबापांवर संकट आलं म्हणून ती जीव द्यायला रानात जाते. तिथं स्थूण नावाचा यक्ष भेटतो आणि आपलं पुरुषपण तिला काही काळापुरतं देतो. संकट टळल्यावर शिखंडी दिलेल्या शब्दाला जागून ते परत करायला येतो! तोवर कुबेराच्या शापानं यक्ष अडकलेला असतो, शिखंडीच्या मरणापर्यंत. मला या कथेत सगळ्यात जास्त आवडतो तो परत आलेला शिखंडी. आपण मात्र मुलांना त्याची एकच ओळख देतो, भीष्मांना पाडायला पुढं केलेला आडोसा.

अशी पुस्तकं वाचून पोरं बिघडतील, ही भीती पालकांकडून ऐकते. अमेरिकेतही याच भीतीनं कित्येक शाळांच्या ग्रंथालयांतून ती काढायला लावली गेली. माझा अनुभव एवढाच की बाकीच्या मुलांना त्यात भूत दिसतं, मारामारी दिसते, दोस्ती दिसते. आणि ज्या एखाद्याला स्वतःचं काही दिसतं, तो ते घेऊनच आलेला असतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता हायस्कुलात पोचली आहेत.

तेव्हा दिवाळी अंकांच्या संपादकांना आणि प्रकाशकांना हात जोडून सांगते: ट्रान्स लेखकांकडून दरवेळी आत्मकथनच मागू नका. त्यांना यक्ष मागा, भुतं मागा, रंकाळ्याच्या तळाशी असलेलं राज्य मागा, आणि त्याचं रीतसर मानधन द्या. कुणी असं काही लिहीत असेल तर कच्चा खर्डासुद्धा इनबॉक्समध्ये पाठवा. आमच्या गटात तो मोठ्यानं वाचला जाईल, आणि मुलं काय म्हणाली ते मी सगळंच्या सगळं कळवीन.