मधलं शेल्फ

कलावंतांनी एकत्र येऊन काहीतरी उभं करावं, असं जे म्हणतात त्यांनी सहा जणांत मातीची भांडी भाजायची एक भट्टी कधी वाटून घेतलेली नसते. चाकं वाटून घेता येतात, भाडं वाटता येतं, चहाचं बिल तर कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात मारता येतंच. भट्टीचं मात्र अवघड आहे, कारण प्रत्येकाला तिच्यातलं मधलं शेल्फ हवं असतं. तिथं आच सारखी लागते, वर-खाली फरक पडतो.

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या अंगाला आम्ही एक गाळा घेतला. मागे काम, पुढे गॅलरी. ‘भट्टी’ म्हटल्यावर मालकांच्या डोळ्यांसमोर एकतर वीटभट्टी आली असावी किंवा हातभट्टी. दोन्हींना त्यांची हरकत होती. "काका, विजेवरची आहे, धूर नाही," म्हटल्यावर ते शांत झाले. मग थ्री-फेज आणि वाढीव लोड हे शब्द कानावर पडताच पुन्हा अशांत झाले.

मातीचे हात बेसिनमध्ये धुतले की माती पाइपात जाऊन बसते, ती कायमची. म्हणून ओळीनं बादल्या. पाणी निवळलं की वरचं ओतायचं, खालचा गाळ पुन्हा कामाला. झाडूलाही बंदी, कारण वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुफ्फुसात मुक्कामाला जाते. सगळं ओल्या फडक्यानंच पुसायचं. कामाला आलेल्या मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "झाडू नको म्हणणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं. पगार तरी देणार ना?"

भट्टीची वही माझ्याकडे आली. आमच्यात चौघं स्टोनवेअरवाले, म्हणजे दगडासारखी घट्ट भाजलेली भांडी करणारे, आणि दोघं टेराकोटावाले, म्हणजे साध्या लाल मातीचे. लाल मातीचं साधारण १००० अंशांवर छान भागतं, स्टोनवेअरला १२०० च्या वर जावं लागतं. म्हणजे फेऱ्या वेगळ्या. हे वहीत लाल शाईनं लिहिलेलं असूनही टेराकोटाचा एक हत्ती १२४० च्या फेरीत शिरला. रात्री आत गेला तेव्हा चारी पायांवर उभा होता. भट्टी उघडली तेव्हा बसला होता, आणि बसताना शेजारच्या सेलाडॉनच्या, म्हणजे फिकट हिरव्या काचलेपाच्या, वाडग्यावर बसला होता. कसा शिरला, यावर सहा जणांची सात मतं आहेत. हत्तीवाल्यानं त्या गोळ्याला ‘सहजीवन’ नाव देऊन गॅलरीत मांडायचं सुचवलं. वाडगेवालीनं निम्मी किंमत मागितली. किंमत ठरली, वाटणीही ठरली, गिऱ्हाईक तेवढं अजून यायचंय.

त्यात भट्टी तापायला आठ-दहा तास आणि निवायला त्याहून जास्त. ५७३ अंशांना मातीतलं क्वार्ट्झ एकदम आकार बदलतं. चढताना फुगतं, उतरताना आकसतं. तिथं घाई केली की भांडं तडकलंच. हे आम्ही सगळे शिकवणीच्या मुलांना घडाघडा सांगतो. पण आत आपलं काम असलं की ज्ञान गळून पडतं. पहाटे ग्रुपवर मेसेज येतो, "किती झालं?" मी लिहितो, "५८०." लगेच उत्तर, "जरासंच उघडून बघू का?" हा माणूस कॉलेजात सिरॅमिक्स शिकवतो.

गॅलरी उघडली. पांढऱ्या भिंती, मंद दिवे, प्रत्येक वस्तूखाली कार्ड. पाहुणे हात मागे बांधून, मान तिरकी करून बघत होते. तेवढ्यात नऊवारीतल्या एक आजी आल्या आणि माठ घ्यायला आल्यासारख्या प्रत्येक वस्तूवर टिचकी मारत सुटल्या. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ती गोष्ट लहानपणी गंमत म्हणून ऐकली होती. आपलं मडकं रांगेत असलं की तिच्यात गंमत राहत नाही. टण्ण. टण्ण. माझ्या निळ्या बरणीपाशी आवाज आला, बद्द.

"ही तडकलीय बाई," आजी म्हणाल्या. दिव्याखाली धरली तर बुडाशी केसाएवढी चीर. भट्टी लवकर कुणी उघडली, हा प्रश्न मी मोठ्यानं विचारला. कॉलेजवाल्यांनी छताकडे पाहिलं.

आजींना सेलाडॉनशी काही देणंघेणं नव्हतं. त्या थेट मागच्या कामाच्या खोलीत शिरल्या आणि टेबलावरचं, आम्ही ब्रश खोचून ठेवलेलं लाल मातीचं भांडं त्यांनी उचललं. टिचकी मारली. "हं. असली नवी सहा करा, झाकणासकट. आत-बाहेर काही चोपडू नका, माती पाणी ओढून घेते तेव्हाच दही घट्ट लागतं. दिवाळीच्या आत द्या." आगाऊ पैसे काढून ठेवले, आणि सुनेच्या भिशीतल्या बायकांनाही पाठवते म्हणाल्या.

भांडं हत्तीवाल्याचं होतं. गॅलरीतली त्या दिवसाची विक्री तेवढीच.

संध्याकाळी मी वही उघडली. पुढची फेरी १००० अंशांची लागली होती आणि मधल्या शेल्फसमोर आम्हा चारही स्टोनवेअरवाल्यांची नावं होती. माझं मी दुपारीच लिहून ठेवलं होतं. हत्तीवाल्याला खालचं शेल्फ आलंय, आणि तो सध्या कुणाशी बोलत नाही.