पंच्याहत्तर वॅटचा संसार

खेळात हरल्यावर दोष कोणाला द्यावा, हा प्रश्न माझ्यापुरता बरीच वर्षे सुटलेला होता. दोष संगणकाचा होता. शत्रू समोर आला की माझ्या पडद्यावरचे चित्र जागीच थबकत असे, आणि ते पुन्हा हलू लागेपर्यंत माझा मृत्यू होऊन मारणारा पुढच्या कामालाही लागलेला असे. ज्याला आपण मेलो हेसुद्धा उशिरा कळते, त्याच्या नेमबाजीला नावे ठेवणे अन्यायाचे आहे, असे मी माझ्या भाच्याला वारंवार ऐकवीत असे. भाचा वयाने माझ्या एकतृतीयांश आणि नेमबाजीत माझ्या तिप्पट असल्यामुळे त्याने हे बरेच दिवस सोसले, आणि एके दिवशी काही न बोलता माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक हिरवा आकडा सुरू करून दिला. तो आकडा १४ होता.

"मामा, सेकंदाला चौदा फ्रेम येतायत. निदान साठ तरी हव्यात," तो म्हणाला. "तू ग्राफिक्स कार्ड टाक."

फ्रेम म्हणजे पडद्यावरचे एकेक चित्र, आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे ती चित्रे रंगवणारा सुटा भाग. 'टाक' हे क्रियापद त्याने असे काही उच्चारले, की जणू पेटीत पत्रच टाकायचे होते. आपला आरोप पुराव्यानिशी सिद्ध झाला, या आनंदात मीही फारसा विचार केला नाही. सिद्ध झालेल्या आरोपानंतर सुधारणेची जबाबदारी फिर्यादीवरच येते, हे मला पुढे कळायचे होते.

माझा संगणक जन्माने कारकून होता. कुठल्याशा कचेरीत पत्रे आणि हिशेब करीत त्याची उमेद गेली आणि तिथून निवृत्त झाल्यावर तो स्वस्तात माझ्याकडे आला. अंगात आय-५ ६५०० नावाचा चार गाभ्यांचा, म्हणजे एकावेळी चार कामे करणारा, प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, घरघरणारी हार्ड डिस्क, आणि हे सारे एका अशा सडपातळ कॅबिनेटमध्ये, की जे विकत घेताना मला त्याच्या बांध्याचे कौतुक वाटले होते. माणसाच्या बाबतीत सडपातळपणा गुण असेलही, पण कॅबिनेटच्या बाबतीत तो गुण नव्हे, हे मी आता अधिकारवाणीने सांगू शकतो.

खेळ बनवणारे लोक आपल्या खेळाला कसा संगणक लागेल, याच्या दोन याद्या देतात. एक 'किमान' आणि दुसरी 'शिफारस केलेली'. माझी समजूत अशी होती की किमान म्हणजे त्यात खेळ खेळता येतो. प्रत्यक्षात किमान म्हणजे त्यात खेळ सुरू होतो. पुढे काय व्हायचे ते खेळणाऱ्याने आपले आपण पाहून घ्यायचे असते. दुसरी यादी मी वाचली, तेव्हा तिच्यातली एकही वस्तू माझ्या कॅबिनेटच्या दारातून आत जाण्याजोगी नव्हती.

कारण ग्राफिक्स कार्डाला आधी उंची लागते. नेहमीच्या उंचीचे कार्ड सडपातळ कॅबिनेटमध्ये उभे राहात नाही, तिथे 'लो प्रोफाइल' म्हणजे निम्म्या उंचीचेच कार्ड लागते. उंचीचे जमले की विजेचा प्रश्न येतो. मदरबोर्डावरच्या, म्हणजे सगळे भाग जिला जोडलेले असतात त्या मुख्य पाटीवरच्या, ज्या खाचेत कार्ड बसते, ती खाच त्याला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज पुरवू शकते. त्याहून भुकेल्या कार्डांसाठी पॉवर सप्लायमधून, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत एसएमपीएसमधून, वेगळी वायर आणावी लागते. सहा पिनांची वायर आणखी ७५ वॅट देते आणि आठ पिनांची १५०. माझ्या एसएमपीएसमधून अशी एकही वायर बाहेर येत नव्हती. मग एसएमपीएसच बदलू, असे मी उत्साहाने म्हणालो, तेव्हा असे निष्पन्न झाले की बनवणाऱ्यांनी तो खास आपल्या आकाराचा आणि आपल्याच प्लगाचा केला आहे, बाजारातला सर्वमान्य एसएमपीएस त्या जागेत मावणार नाही आणि मावला तरी जोडता येणार नाही. त्याच्या अंगावरच्या चिठ्ठीवर २४० वॅट असे छापले होते. आरटीएक्स ४०९० नावाचे जे कार्ड सर्व गेमरांच्या स्वप्नात येते, ते एकटेच ४५० वॅट खाते. म्हणजे माझा अख्खा संगणक, पंख्यांसकट, त्या कार्डाला निम्म्या पोटीच ठेवू शकला असता.

तेव्हा उमेदवाराच्या अटी ठरल्या: उंची निम्मी, खुराक ७५ वॅटच्या आत, आणि वेगळी वायर मागणार नाही असा समंजस स्वभाव. अशा अटी घातल्यावर रांग फारशी लांब राहात नाही. २०१६ सालचे जीटीएक्स १०५० टीआय होते, ते समंजस पण वयस्कर. २०२२ सालचे आरएक्स ६४०० होते, ते तरुण. परंतु मदरबोर्डाशी बोलायला त्याला चारच मार्गिका दिलेल्या असल्यामुळे माझ्यासारख्या जुन्या पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्डाच्या खाचेच्या जुन्या आवृत्तीच्या, बोर्डावर त्याची बोबडी वळते, असे जाणकारांचे मत पडले. मधले म्हणून २०१९ सालचे जीटीएक्स १६५० ठरले. प्रोसेसरचे ६५ वॅट, कार्डाचे ७५ आणि बाकीच्यांचे किरकोळ, अशी बेरीज मी कागदावर तीनदा केली. तिन्ही वेळा ती २४० च्या आत आली, तरीही चौथ्यांदा करावीशी वाटत होती.

कार्ड आले. कॅबिनेट उघडले, तेव्हा आत धुळीची अशी एक मऊ गादी निघाली, की काही काळ मला मदरबोर्डच सापडेना. कार्डाला मूळची उंच पट्टी होती, ती काढून सोबत दिलेली आखूड पट्टी लावायची होती, आणि त्या कामासाठी जे स्क्रू दिले होते, ते माझ्या चष्म्याच्या स्क्रूंचे धाकटे भाऊ शोभले असते. त्यांतला एक मदरबोर्डाच्या खाली घरंगळला. धातूचा स्क्रू विजेच्या मंडलात सोडून चालत नाही, एवढे ज्ञान मला होते. म्हणून मी संगणक दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर उलटा धरला आणि खुळखुळ्यासारखा हलवला. स्क्रू शेवटी पडला. तो माझ्या सदऱ्याच्या खिशात पडला असल्यामुळे पुढचा अर्धा तास मी तो जमिनीवर शोधत होतो.

सर्व जुळवून बटण दाबले. पंखे फिरले, दिवे लागले आणि पडदा काळाच राहिला. 'सिग्नल नाही' एवढी अक्षरे त्यावर इकडून तिकडे तरंगत गेली आणि तीही विझली.

त्या रात्रीचे वर्णन मी थोडक्यात करणार नाही, कारण ती रात्र थोडक्यात गेली नाही. प्रथम मी कार्ड काढून पुन्हा बसवले. नंतर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले, कारण संगणक बंद पडला की रॅम घासावी, हा संस्कार माझ्या पिढीवर फार लवकर होतो. त्याचा उपयोग झाला नाही. मग मदरबोर्डावरचा बटणासारखा सेल काढून ठेवला, म्हणजे बोर्ड आपल्या सर्व जुन्या समजुती विसरतो असे म्हणतात. तो सेल हातात धरून बसलो असता त्यावरच्या सीआर २०३२ या अक्षरांतला २० हा त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये असतो आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी, हे ज्ञान मला त्या रात्री प्राप्त झाले. आयुष्यात याहून निरुपयोगी वेळी मला काही कळलेले नाही. सेल परत घातला. बोर्ड सारे विसरला होता, पडदा काही आठवायला तयार नव्हता. पहाटे तीनच्या सुमारास मी कार्ड, बोर्ड, प्रोसेसर आणि मी, असे चौघेही जळालो आहोत, या निष्कर्षाला येऊन झोपलो.

सकाळी भाचा आला. त्याने कॅबिनेट उघडलेही नाही. तो मागे वाकला, पडद्याची वायर वरच्या भोकातून काढली, चार बोटे खाली असलेल्या भोकात घातली आणि हात झटकले. पडदा उजळला.

"काय झालं होतं?" मी विचारले.

"काही नाही. वायर मदरबोर्डाला होती. कार्ड बसवलं की हा बोर्ड स्वतःचं भोक बंद करतो, वायर कार्डाला लावायची असते." आणि मग, खरोखरच मायेने, "होतं असं कधीकधी, मामा."

तो हसला असता तर मला बरे वाटले असते.

आता आकडा ५५ वर गेला. सुमारे दीड मिनिट मी सुखी होतो. मग एका कोपऱ्यावरून वळताना तो एकदम १९ वर आपटला, पुन्हा ५२ झाला, पुन्हा आपटला. भाच्याने सांगितले की याला 'बॉटलनेक' म्हणतात. सेकंदाला साठ चित्रे दाखवायची तर एका चित्राच्या वाट्याला १६.६७ मिलिसेकंद येतात, आणि तेवढ्या वेळात प्रोसेसरने कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, भिंत कुठे पडली हे ठरवून कार्डाला कळवायचे असते, मग कार्ड ते रंगवते. माझा चार गाभ्यांचा कारकून शंभर टक्के राबत होता आणि तरीही त्याच्याकडून कागद वेळेवर येत नसल्यामुळे नवे कार्ड हातावर हात ठेवून बसत होते. कचेरीत हे दृश्य कोणीही पाहिलेले असते. फरक एवढाच, की तिथे हात बांधून बसणाऱ्याला कामसू समजण्याची चूक कोणी करीत नाही.

रॅमपासून सुरुवात करावी असे ठरले. दोन सारख्या पट्ट्या असल्या की प्रोसेसरला एकाच वेळी दोन वाटांनी माहिती मिळते, म्हणून मी दुसरी पट्टी मागवली. माझ्याकडे डीडीआर ४ होती; पाच हा आकडा चारापेक्षा मोठा असतो या शालेय आधारावर मी डीडीआर ५ घेतली. दोन्हींना २८८ दात असतात, लांबीही तीच; फक्त मधली खाच थोडीशी सरकवलेली असते, आणि ती माझ्यासारख्या माणसांसाठीच सरकवलेली आहे. मी बराच जोर लावून पाहिला. पट्टी बदलून आणली, याहून अधिक त्या प्रकरणाबद्दल बोलण्याची माझी इच्छा नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत मात्र मी आधी वाचले, म्हणून वाचलो. माझ्या बोर्डाच्या सॉकेटचे, म्हणजे प्रोसेसर बसण्याच्या जागेचे, नाव एलजीए ११५१, म्हणजे त्यात १,१५१ केसासारख्या पिना. ऑक्टोबर २०१७ मध्ये बाजारात आलेल्या आठव्या पिढीच्या आय-५ मध्ये सहा गाभे होते, आणि त्याच्या सॉकेटचे नावही एलजीए ११५१ च. आकार तोच, पिना तेवढ्याच. कोणाही सरळ माणसाला वाटेल की हा त्यात बसेल. तो बसतोही. फक्त चालत नाही, कारण त्याच पिनांची कामे आतून बदलून टाकलेली आहेत आणि त्याला पुढच्याच चिपसेटचा, म्हणजे पुढच्या पिढीच्या नियंत्रक चिपांचा, बोर्ड लागतो. एका नावाची दोन माणसे असू शकतात हे मला मान्य आहे, पण ती एकाच घरातली असली तर आईबाप निदान हाक मारण्यापुरता फरक करतात.

तेव्हा त्याच पिढीचा वापरलेला आय-७ ६७०० घेतला. गाभे चारच, पण प्रत्येक जण दोन हातांनी काम करणारा, आणि विजेची मागणी तीच ६५ वॅट, म्हणून ७५ वॅटच्या शेजारणीशी त्याचे भांडण होणार नव्हते. सॉकेटवरची कडी दाबून बसवताना जो करकर आवाज येतो, तो बरोबर बसल्याचा आणि सर्व मोडल्याचा अगदी एकच असतो; निर्मात्यांनी यात थोडा भेद ठेवायला हवा होता. प्रोसेसरवर मटाराच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता वाहून नेणारे मलम, लावावे असा नियम आहे. मटार लहानही असतात आणि मोठेही. मी सुरक्षिततेसाठी मोठा धरला, आणि वरून हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा, दाबल्यावर चारी बाजूंनी जे बाहेर आले, ते पुसण्यात दुपार गेली. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी त्याच दिवशी बसली आणि पहिल्याच फटक्याला चालली. या सबंध उपद्व्यापात विनातक्रार काम केलेली ती एकमेव वस्तू असल्यामुळे तिच्याबद्दल सांगण्यासारखे काहीही नाही.

सर्व झाल्यावर विंडोज ११ घालून घ्यावे म्हटले, तर तपासणीत उत्तर आले की अधिकृत यादी आठव्या पिढीच्या प्रोसेसरपासून सुरू होते, आणि माझा त्याआधीचा होता. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपलेला होता. म्हणजे माझा निवृत्त कारकून तालीम करून, अंग कमावून, नव्या चष्म्यानिशी उभा राहिला, तेव्हा त्याची सेवापुस्तिकाच बंद झाली होती. मी ते पान मिटले आणि याविषयी भाच्याला अद्याप काही बोललेलो नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे खेळायला बसलो. चित्र लोण्यासारखे सरकत होते. गवताची पाती हलत होती, ती मी आजवर हिरवा रंग समजत आलो होतो. पण माझे लक्ष गवताकडेही फार वेळ राहिले नाही, कारण कोपऱ्यातला आकडा ६० होता. मग ६२ झाला. मी एका दारातून आत गेलो, तेव्हा तो ५८ झाला, म्हणून मी बाहेर आलो, ६१. पुन्हा आत गेलो; ५८. या दारात असे काय आहे की जे दोन फ्रेम, नव्हे तीन फ्रेम खाते, याचा छडा लावण्यासाठी मी उंबऱ्यावर आत-बाहेर करू लागलो.

"मामा, समोर बघ," भाचा म्हणाला.

समोर कोणीतरी बऱ्याच वेळापासून उभे असावे. त्याने बंदूक उचलली, नेम धरला, घोडा दाबला, नळीतून ठिणगी निघाली आणि मी गुडघ्यावर कोसळून कुशीवर पडलो, हे सारे कुठेही न अडखळता मला अगदी स्वच्छ दिसले.

"आता काय झालं?" भाच्याने विचारले.

"एकसष्ट," मी म्हणालो.