तीन मिनिटांचं गाणं, मिनिटभराचा सिनेमा

"मॅडम, तुम्हाला गाणीबिणी ऐकायला, सिनेमे बघायला वेळ कसा हो मिळतो?" परवा स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यांनी विचारलं. स्वरात कौतुक थोडं, संशय जास्त. ही बाई टाचण काढते कधी आणि पेपर तपासते कधी, असा त्यातला खरा प्रश्न.

नाही मिळत वेळ. दिवसाचे तास, त्यात रजेवरच्या कुणाचा तरी एक तास गळ्यात, मग वह्या, मग ती ऑनलाइन माहिती भरणं. घरी पोचेपर्यंत घसा असा बसलेला असतो की घरच्यांशी खुणांनी बोलते. अख्खा सिनेमा एका बैठकीत शेवटचा कधी पाहिला ते आठवत नाही. रात्रभराच्या मैफलीचं तर नावच नको.

माझी सुटका केली ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांनी. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं वाजायची. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा तासभर आळवायचा ऐवज त्यांना तेवढ्यात बसवायचा होता. बसवला. घोळवत बसायची सोयच नाही, पहिल्या काही सुरांतच राग समोर उभा. आणि गाणं संपतं न संपतं तोच खणखणीत आवाजात स्वतःचं नाव: 'माय नेम इज गौहर जान!' तिकडे जर्मनीत तबकड्या तयार व्हायच्या, तिथल्या लोकांना गाणारं कोण ते कळावं म्हणून ही घोषणा असे, असं सांगतात. असेल. मला मात्र त्यात बेल व्हायच्या आत धडा संपवलेल्या बाईचा विजय ऐकू येतो.

एक पथ्य मात्र आहे आणि ते ठेच लागून शिकले. पूर्वी पेपर तपासताना मागे गाणं लावून ठेवायचे. एकदा पेपर वाटून झाल्यावर मागच्या बाकावरचा एकजण हळूच टेबलाशी आला. "बाई, टोटल चुकलीय." चौदा, नऊ, अकरा, आठ. मी लाल शाईत, वर गोल करून, ठसठशीत चाळीस लिहिले होते. बेचाळीस होतात. तो गठ्ठा तपासताना एक ठुमरी चालू होती हे मला पक्कं आठवलं. पण ठुमरीतली एक जागा आठवेल तर शपथ! म्हणजे त्याचे दोन मार्क गेले आणि माझी ठुमरीही गेली. मार्क निदान परत देता आले.

तेव्हापासून गाणं लावलं की पेन खाली. दिवसभर काहीतरी वाजत ठेवणाऱ्यांशी माझं भांडण नाही, फक्त त्याला ऐकणं म्हणू नका.

सिनेमाचंही तेच. २८ डिसेंबर १८९५ला ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून दहा चित्रपट दाखवले, त्यातला एकेक मिनिटभराच्या आतला. एकात आहे काय, तर कारखान्याचं फाटक उघडतं आणि कामगार घरी निघतात. बस्स. लांब झग्यातल्या बायका, सायकलवाला, पायात घुटमळणारं एक कुत्रं. ऑफ तासाला मी तो मोबाइलवर इतक्यांदा पाहिलाय की ते कुत्रं मला ओळखत असेल. त्याच्या तीन आवृत्त्या आहेत, एकीत गाडीला एक घोडा, दुसरीत दोन, तिसरीत घोडागाडीच नाही. म्हणजे सुटलेल्या माणसांना 'पुन्हा एकदा बाहेर या' म्हणणारे तेव्हापासूनच आहेत! शाळा सुटल्यावर "पाच मिनिटं थांबा, मीटिंग आहे" ऐकलेल्यांना मी काय सांगतेय ते कळेल.

आपल्या पेशाला एक रोग जडलेला असतो. काही सुंदर दिसलं रे दिसलं की मनात येतं, 'हे वर्गात दाखवता येईल.' मग त्या सुंदर गोष्टीची प्रश्नावली होते, बोध निघतो, रिकाम्या जागा भरल्या जातात. मीही केलंय हे. एक आवडता प्रसंग मुलांना दाखवला, त्यावर पाच प्रश्न काढले, आणि आता तो प्रसंग लागला की मला ते पाच प्रश्नच दिसतात. दिवसभर मी समजावून सांगणारी असते. पडद्यासमोर तरी मला काहीही न समजण्याची मुभा हवी. एखादा सिनेमा डोक्यावरून गेला तर जाऊ दे, मला उद्या त्यावर तास घ्यायचा नाहीये.

मोठे सिनेमे मी हप्त्याहप्त्यानं बघते. सिनेमावेडे मित्र यावर रागावतात आणि त्यांचं चूक नाही, लय तुटते ती तुटतेच. पण अर्धवट राहिलेलं माणूस दुसऱ्या दिवशी सोबत शाळेत येतं, सुपरव्हिजनच्या तीन तासांत चांगली सोबत करतं, हे त्यांना माहीत नाही.

सध्या एक नायिका गेल्या तीन रात्री प्लॅटफॉर्मवर उभी आहे. गाडीचा दिवा लांबून दिसतोय. गुणतक्ते शनिवारी द्यायचेत, तोवर तिला उभंच राहावं लागणार.