तळपाय

फोटोत आठ माणसं, एक झाड आणि दोन तळपाय आहेत. तळपाय माझे.

नाताळच्या झाडाखालून ते बाहेर आलेत. उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे आणि त्या भोकावर वरच्या लाल दिव्याचा उजेड असा नेमका पडलाय, की तेही सजावटीचंच वाटावं. बाकीचे आठ जण झाडाभोवती उभे राहून हसतायत. मधोमध मामा. एक हात फांदीवर, चेहऱ्यावर असा भाव की जणू हे झाड त्यांनी रोपापासून वाढवलंय. झाड प्लास्टिकचं आहे.

फोटो मामांनीच कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. खाली ओळ : ‘सर्वांनी मिळून सजवलेलं झाड.’ पहिली प्रतिक्रिया बायकोच्या एका चुलत बहिणीची आली : ‘किती सुंदर! ऐन सणात इलेक्ट्रिशियन कुठून मिळाला? आमच्याकडे कोणी फिरकत नाही. नंबर पाठवा ना.’

यावर मामांनी अंगठा पाठवला. मोज्यातून डोकावणारा माझा अंगठा त्यांना दिसला नाही, तिला मात्र यांनी आपला दाखवला. ‘अगं, ते आमचे जावई’ एवढे चार शब्द टाइप करायला माणसाला किती वेळ लागतो? संध्याकाळपर्यंत आणखी दोघांनी माझा नंबर मागितला. त्यातल्या एकाला गीझरचंही काम होतं.

मामा म्हणजे माझे मामेसासरे. या नात्याची गंमत अशी की सासऱ्यांशी निदान भांडता तरी येतं. मामेसासरे पाहुणे म्हणून येतात आणि वडीलधारे म्हणून बसतात. त्यामुळे त्यांना ना उलट बोलता येतं ना घालवता येतं. मामा नोकरीत हिशेबतपासनीस होते. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायचा पगार त्यांनी पस्तीस वर्षं घेतला. आता ते हेच काम विनामोबदला करतात.

झाड मी एकट्याने माळ्यावरून काढलं, फांद्या उघडल्या, स्टँडमध्ये उभं केलं, हे सगळं सोडून देतो. कोणालाच ऐकायचं नसतं. दिव्यांच्या माळेबद्दल मात्र बोललंच पाहिजे. मागच्या जानेवारीत मी ती पुठ्ठ्याभोवती व्यवस्थित गुंडाळून ठेवली होती. या डिसेंबरात डब्यातून जे निघालं, त्याला माळ म्हणणं म्हणजे मांजराने खेळून टाकलेल्या लोकरीला स्वेटर म्हणणं.

“नीट ठेवायला हवी होती,” मामा सोफ्यावरून म्हणाले.

खरं तर यावर माझ्याकडे शास्त्रीय उत्तर तयार होतं. २००७ साली अमेरिकेत रेमर आणि स्मिथ या दोघा शास्त्रज्ञांनी एका डब्यात दोरी टाकून तो डबा गरगर फिरवला. एकदा नाही, ३,४१५ वेळा. दोरी पुरेशी लांब असली की काही सेकंदांतच तिला आपोआप गाठी बसतात, असं त्यांनी सिद्ध केलं. पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेल मिळालं. म्हणजे जे संशोधन आधी हसवतं आणि मग विचार करायला लावतं, त्याला मिळणारं पारितोषिक. म्हणजे गाठी मी मारल्या नव्हत्या. पण मामेसासऱ्यांना संदर्भ देऊन उत्तर द्यायचं नसतं. मी “हो ना” म्हणालो आणि सव्वा तास गाठी सोडवत बसलो. मुलगी शेजारी बसून मदत करत होती, म्हणजे सुटलेलं टोक गळ्यात घालून नाचत होती. तेवढा सव्वा तास, खरं सांगायचं तर, मला आवडला. पण तो फोटोत नाही.

माळ चढली, चेंडू लागले, मुलीने बालवाडीत केलेला, कापूस उडून टकला झालेला सांता दरवर्षीप्रमाणे अगदी पुढे टांगला गेला. मी मागे सरून बघितलं. छान दिसत होतं. आणि तेवढ्यात…

“जावईबापू, एक सूचना करू?”

“करा ना.”

“राग नाही ना येणार?”

“छे हो.”

“झाड कललंय.”

घरातल्या सगळ्यांनी माना तिरक्या करून झाडाकडे बघितलं. मान तिरकी केल्यावर कुठलंही झाड कललेलंच दिसणार. सासूबाई म्हणाल्या, “थोडंसं वाटतंय खरं.” बायको म्हणाली, “मला आधीच वाटलेलं, पण म्हटलं कशाला बोला.” हे ‘कशाला बोला’ मला फार लागलं.

“डोळ्यांवर जायचं नाही,” मामा उठले. “मोजायचं.” त्यांनी खिशातून फोन काढला. त्यात म्हणे पाणसळीचं ॲप असतं. गवंडी भिंत बघायला काचेच्या नळीतला बुडबुडा वापरतो, तो आता फोनमध्ये असतो. मामांनी फांद्यांत हात घातला, दोन चेंडू पाडले, फोन झाडाच्या मधल्या दांड्याला टेकवला आणि डॉक्टरने नाडी बघावी तसे डोळे बारीक केले.

“एक पूर्णांक चार.”

“काय?”

“अंश. डावीकडे.”

“तुमच्या डावीकडे की माझ्या?”

“झाडाच्या.”

मी झाडाकडे पाहिलं. ते गोल होतं. “झाडाचं तोंड कुठे आहे, मामा?”

“सोफ्याकडे,” मामा शांतपणे म्हणाले. अर्थात. ते जिथे बसतात तिकडेच असणार.

स्टँडला खाली तीन कान असतात. ते पिळून दांडा सरळ करायचा. त्यासाठी झाडाखाली पोटावर झोपून सरपटत जावं लागतं. मी गेलो. वरून प्लास्टिकच्या सुया मानेत, खाली बरगडीत काहीतरी टोचतंय. हात घालून काढलं तर उंट. आमच्याकडे गव्हाणीचा देखावा असतो, आणि मुलीचा नियम असा की बाळ येशूला बघायला उंटांवरून येणारे तीन राजे सहा जानेवारीला पोचतात, तेव्हा ते पहिल्या दिवसापासून तिथे उभे असणं हा खोटेपणा आहे. म्हणून ते चपलांच्या कपाटापासून निघतात आणि रोज वीतभर पुढे सरकतात. बाळ येशूही चोवीस तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत माझ्या कपाटात, रुमालांच्या घडीत असतो. ही पद्धत मला मनापासून आवडते. पण राजांचा मार्ग झाडाखालून जातो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

“आता?” मी खालून.

“शून्य पूर्णांक आठ. उजवीकडे.”

“चालेल की मग.”

वर शांतता पसरली. “चालेल,” मामा सावकाश म्हणाले, “हा शब्द मी पस्तीस वर्षं ऐकला. चालेल म्हणणाऱ्यांच्याच फायली माझ्याकडे यायच्या.”

मी कान पिळला. पूर्णांक पाच. पिळला. पूर्णांक सहा, डावीकडे. “अहो, हळू! स्वयंपाकघरातला नळ आहे का तो?” पिळला. अशा रीतीने वीस मिनिटांनी मामा म्हणाले, “शून्य!” आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांसाठी.

प्रकरण इथे संपायला हवं होतं. पण शून्याची चटक लागलेला माणूस थांबत नाही. मामांनी खात्री म्हणून फोन टेबलाला लावला. एक पूर्णांक चार. मग कपाटाला. एक पूर्णांक चार. भिंतीला, दाराच्या चौकटीला, सासूबाईंच्या खुर्चीच्या पाठीला. सगळीकडे तेच.

“जावईबापू,” त्यांचा आवाज उतरला, “तुमचं घरच कललंय.”

सासूबाईंनी लगेच खुर्चीचे हात धरले. “तरीच मला जिन्यात झोक जातो.”

मुलीने मामांच्या हातातून फोन घेतला, उलटा केला. “आजोबा, मागे ही रिंग चिकटवलीये ना, बोटात घालायची. त्याच्यामुळे तो तिरका बसतो.”

म्हणजे हिशेब बघा. सरळ झाडावर तो फोन एक पूर्णांक चार दाखवत होता. आणि मी ते झाड वीस मिनिटं पोटावर झोपून, उंट टोचून घेत, बरोब्बर एक पूर्णांक चार अंशांनी वाकडं करून ठेवलं होतं.

मामांनी फोन परत घेतला. रिंग बघितली. झाड बघितलं. “असू द्या आता,” ते म्हणाले, “डोळ्यांना सरळ दिसतंय.”

मी काही बोललो नाही. माझी एक दाढ मात्र तेव्हापासून दुखतेय.

याच मुहूर्तावर माळेचे खालचे अर्धे दिवे गेले. या जुन्या माळांत दिवे एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. दिव्यातली तार तुटली तर आत एक छोटी पर्यायी वाट असते, तिच्यातून वीज पुढे जाते. पण एखादा दिवा खाचेत सैल बसला, की तो आणि त्याच्या फळीतले सगळे गप्प. कुठला सैल आहे ते कळायला एकच मार्ग : बटण बंद करायचं, एकेक दिवा दाबायचा, बटण चालू करून बघायचं. पन्नास दिवे, पन्नास फेऱ्या. हे विजेच्या दिव्यांचं खूळ १८८२ साली एडिसनच्या एडवर्ड जॉन्सन नावाच्या सहकाऱ्याने न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी काढलं. लाल, पांढरे, निळे मिळून ८० दिवे, आणि झाड स्वतःभोवती फिरणारं. माणूस दूरदर्शी होता. फिरत्या झाडाला डावं-उजवं नसतं, त्यामुळे त्याच्या मामेसासऱ्यांना काहीही मोजता आलं नसणार.

मी पुन्हा झाडाखाली. बटण मी स्वतः बंद करून गेलो होतो, हे इथे नोंदवून ठेवतो. अकरावा की बारावा दिवा दाबला आणि भसकन सगळा उजेड झाला. माझं बोट दिव्यावर, आणि बटण चालू.

“बटण कोणी लावलं?”

“मीच,” मामा उत्साहाने म्हणाले. “तुमचं बंद-चालू बंद-चालू बघून म्हटलं, अशाने रात्र होईल. बघा, लगेच सापडला!”

हे मी हसत सांगतोय, पण त्या क्षणी हसलो नव्हतो. माळ जुनी, तिचं वेष्टण दोन ठिकाणी सोललेलं, आणि माझ्या जिवाचा हिशेब तपासनिसांनी परस्पर मिटवून टाकला होता. मी बोट काढलं. अंधार. पुन्हा दाबलं. उजेड.

“हलू नका!” मामा ओरडले. “हललात की जातात! तसंच धरा. या रे सगळे, फोटो काढून घेऊ!”

“अरे, याला येऊ दे की,” माझी बायको म्हणाली. तिचं हे वाक्य मी तिच्या खात्यावर जमा धरलंय.

“तो आला तर दिवे जातील,” मामा म्हणाले, आणि यात तर्काची चूक कोणालाच सापडली नाही. फोन कपाटावर टेकवला गेला. रिंगचा तिथे छान उपयोग झाला.

तर असा तो फोटो. त्या रात्री मला विंडसर किल्ल्यातल्या झाडाचं ते प्रसिद्ध चित्र आठवत राहिलं. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये १८४८ साली छापून आलेलं. व्हिक्टोरिया राणी, तिचा नवरा अल्बर्ट, मुलं, मधे टेबलावर मेणबत्त्यांनी उजळलेलं झाड. ते पाहून घराघरांत झाड आणायची टूम आणखी पसरली. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या ‘गोडीज लेडीज बुक’ मासिकाने तेच चित्र छापलं, पण राणीच्या डोक्यावरचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा खोडून, म्हणजे आपल्यातलंच एखादं कुटुंब वाटावं. फोटोत फेरफार करायची पद्धत इतकी जुनी आहे. पण त्या फांद्यांवर एकेक मेणबत्ती खोचणारा, पेट घेऊ नये म्हणून त्यांच्यावर डोळा ठेवून बसणारा जो कोणी होता, तो १८४८ च्या चित्रातही नाही आणि १८५० च्याही नाही. अल्बर्टच्या नुसत्या मिशा गेल्या, निदान तो स्वतः तरी राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रुपवर खुलासा टाकला : ‘फोटोतले पाय माझे आहेत.’ त्यावर सात अंगठे, दोन हात जोडलेले, आणि एका काकूंचं ‘काळजी घ्या, लवकर बरे व्हा.’

दुपारी मामांचा वेगळा निरोप आला. सोबत तोच फोटो, खालून कापलेला. ‘जावईबापू, तुमची भावना लक्षात घेऊन पाय काढून टाकले आहेत. हाच ग्रुपवर टाकतो.’

मी फोटो मोठा करून बघितला. आठ माणसं, हसरी. टकला सांता. झाड उजवीकडे कललेलं. मग मी माझ्या फोनवर ते ॲप उतरवून घेतलं, फोनचं कव्हर काढलं, फांद्यांत हात घातला आणि मोजलं.

एक पूर्णांक चार.