साडेतीन लाख डॉलर आणि एक चीज सँडविच

मे २०२२ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओमध्ये एका लिलावात एक लहानसं चित्र साडेतीन लाख डॉलरला गेलं. काळा ट्रक, आजूबाजूला फुलं, बस्स. अंदाज होता पस्तीस हजारांचा. त्याची गोष्ट जगभर फिरली, तुमच्याही टाइमलाइनवर आली असेल. सत्तरच्या दशकात लंडन नावाच्या गावात (ओंटारिओतलं लंडन, इंग्लंडचं नव्हे) एक चित्रकार रोज एका हॉटेलात चीज सँडविच खायला यायचा आणि बिलाऐवजी चित्रं द्यायचा. एकदा त्याने स्वतःचं न देता दुसऱ्याच कुणाचं तरी दिलं. तेच हे. ‘सँडविचच्या बदल्यात साडेतीन लाख!’ म्हणून सगळे खूश.

मीही झाले होते. गेल्या वर्षी भाचीकडे कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या हॅलिफॅक्सला गेले आणि तो आनंद थोडा आंबट झाला.

तिथल्या आर्ट गॅलरी ऑफ नोव्हा स्कोशियात एक अख्खं घर आणून ठेवलंय. घर कसलं, खोलीच. बारा-तेरा फूट लांब, तेवढीच रुंद, वर झोपायला माळा. त्या ट्रकवाल्या चित्राची बाई, मॉड लुईस, या खोलीत बत्तीस वर्षं राहिली. वीज नाही, नळ नाही. आणि एक इंच जागा कोरी नाही. दारावर पक्षी, जिन्याच्या पायऱ्यांवर फुलं, खिडकीच्या काचेवर ट्युलिप, चुलीवर फुलं, पावाच्या डब्यावर फुलं, केराच्या सुपलीवरसुद्धा. भाची म्हणाली, “मावशी, किती गोड ना!” गोडच आहे. मीही फोटो काढले. पण आमच्या घरी आईचे हात शेवटी शेवटी आमवाताने असे वळले होते की भाजी निवडताना शेंग हातातून निसटायची. शेजारच्या भिंतीवर मॉडचा फोटो होता. त्यातल्या बोटांकडे माझं लक्ष गेलं आणि मग फुलं दिसेनात.

लहानपणीच आमवात जडला, बोटं आखडली, हनुवटी छातीकडे झुकली. जन्म १९०१ चा (काही ठिकाणी १९०३ लिहिलेलं असतं), यारमथजवळच्या साउथ ओहायो गावात. आईने तिला नाताळची कार्डं रंगवायला शिकवलं, ती विकायची. १९२८ मध्ये लग्नाशिवाय मुलगी झाली, ती दत्तक दिली गेली. दोन वर्षांच्या अंतराने आईवडील गेले आणि ती डिग्बीला आत्याकडे-मावशीकडे (इंग्रजीत दोन्ही एकच, त्यामुळे कोण ते मला कळलं नाही) जाऊन राहिली. तिथे जवळच मार्शलटाउनमध्ये एव्हरेट लुईस नावाचा मासे विकत फिरणारा माणूस घरकामाला बाई शोधत होता. ही चालत गेली. कामवाली म्हणून राहायला तयार नव्हती, म्हणून जानेवारी १९३८ मध्ये लग्न झालं.

यातून २०१६ चा चित्रपट निघाला. सॅली हॉकिन्सने मॉडचं काम अप्रतिम केलंय, वाद नाही. पण रडून बाहेर पडलेला माणूस काय घेऊन जातो? ‘काही नव्हतं, तरी किती सुखी होती!’ मला याच वाक्याची चीड येते.

ती सुखी होती हे खोटं नाही. सीबीसी या कॅनडाच्या सरकारी वाहिनीच्या १९६५ च्या कार्यक्रमात तिने स्वतःच सांगितलंय की इथे मी समाधानी आहे, समोर ब्रश असला की झालं. मान्य. पण तिच्या समाधानाचा फायदा कुणाला झाला तेही बघा ना. रस्त्याकडेला ‘चित्रं विकणे आहे’ अशी पाटी, गाड्या थांबवणारे पर्यटक, चित्राला दोन-तीन डॉलर, पुढे पाच. आजच्या हिशोबाने पाचाचे पन्नास धरा. हयातीत दहाच्या वर क्वचितच काही मिळालं असेल. बोटींचा उरलेला रंग, सार्डिन माशांच्या रिकाम्या डब्यांतून. १९६४ मध्ये एका साप्ताहिकात लेख आला, मग टीव्ही, मग टपालाने इतकी मागणी की ते हात पुरेनात. व्हाइट हाउसनेही दोन चित्रं मागवली. निक्सनच्या ऑफिसला ती म्हणाली की आधी पैसे पाठवा, असं सांगतात. हे खरं असो, अशी माझी फार इच्छा आहे.

पैसे एव्हरेटकडे जायचे आणि तो ते लपवून ठेवायचा. त्याला मी राक्षस करणार नाही. स्वयंपाक तो करायचा, झाडलोट तो करायचा, हिच्या चित्रांसाठी फळ्या कापायचा. ही खिडकीपाशी बसून रंगवायची. त्या काळच्या किती नवऱ्यांनी हे केलं असतं? पण घरात वीज आली नाही ती नाहीच. धूर, रंगाचा वास, दमट हवा, आणि रोगी फुप्फुसं. ३० जुलै १९७० ला ती गेली. नवऱ्याच्या कुटुंबाच्या थडग्याच्या दगडावर तिचं नाव आहे, खाली, ‘मॉड डाउली’. म्हणजे माहेरचं. चित्रांवर ती ‘लुईस’ म्हणून सही करत होती.

नऊ वर्षांनी एव्हरेटही गेला. घरात चोर शिरला, झटापटीत मारला गेला. लपवलेल्या पैशांची कुणकुण गावभर होतीच.

मग घर पडायला आलं, गावातल्या लोकांनी वर्गणी काढून धडपड केली, १९८४ मध्ये प्रांताच्या सरकारने ते विकत घेतलं, पुढे दुरुस्त होऊन गॅलरीत आलं. आता तापमान, ओलावा सगळं नियंत्रित. ती राहत होती तेव्हा तिथे विजेचा एक दिवाही नव्हता.

“मावशी, मग काय करायचं, चित्रं आवडून घ्यायची नाहीत का?” असं भाची वैतागून म्हणालीच. आवडून घ्या की! ते बैल बघा, डोळ्यांवर बायकांसारख्या लांब पापण्या. बर्फात आणि हिरव्या झाडांवर एकाच वेळी फुलं. सावली कुठेच नाही. हे भोळेपणाने झालं असं मला वाटत नाही. काय गिऱ्हाइकाला आवडतं हे तिला पक्कं माहीत होतं, तीन काळी मांजरं तिने पुन्हा पुन्हा काढली, कारण ती खपायची. ती धंदा करत होती. ‘निरागस लोककलावंत’ म्हणून तिचा हा हिशेबीपणा आपण पुसून टाकतो आणि मग तिला मिळालेले पाच डॉलर आपल्याला बोचत नाहीत.

निघताना दुकानातून मी तीन काळ्या मांजरांचा फ्रिज मॅग्नेट घेतला. आठ डॉलर आणि वर टॅक्स. बिल हातात घेतल्यावर कळलं की नुसता आकडा बघितला तर मॉडला अख्ख्या चित्राचे मिळाले त्याहून जास्त मी मॅग्नेटचे दिले. भाचीला सांगितलं तर म्हणाली, “मावशी, आता तरी चल, पार्किंगचे पैसे वाढतायत.”