मुलीला पाठवा, म्हणे

आज डोकं फिरलंय. पिग्मी (पतसंस्थेत लोक रोज थोडी थोडी टाकतात ती बचत) गोळा करून आले, कुकर लावला, आणि शिट्ट्या होईपर्यंत चार ओळी लिहू म्हणून बसलेय. मोठं झालं तर सांभाळून घ्या.

सकाळी तास संपल्यावर शिष्यवृत्तीच्या खिडकीवर गेले. हातात फाईल, पुढं सात-आठ पोरं. माझा नंबर आला तसं त्या क्लार्कनं मान वर न करता फाईल ओढली, पहिलं पान उलटलं, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "मावशी, पालकांचं काम नाही इथं. मुलीला पाठवा."

म्हटलं, "अर्ज माझाच आहे."

"तुमचाच म्हणजे?"

"मीच शिकते. बी.कॉम., पहिलं वर्ष."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. माझ्याच वर्गातलं पोरगं. मला काकू म्हणतं आणि अकाउंटन्सीची वही दर आठवड्याला माझीच नेतं. त्याच्यावर राग नाही, त्याला उद्या वही मिळणार नाही एवढंच.

तुम्हाला सगळ्यांना माहितीच आहे. जूनमध्ये ॲडमिशनचा फोटो टाकला तेव्हा तुम्हीच बदाम पाठवले होते. बेचाळिसाव्या वर्षी कॉलेजला जाते म्हणजे काय भारी, वगैरे. भारीबिरी काही नाही. अकरा वर्षं पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. मोती चौक, खण आळी, पाचशे एक पाटी, रोज तोच फेरा. कुणाचा गल्ला कुठल्या वारी हलका असतो ते मला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळतं. संस्थेत क्लार्कची जागा निघाली तेव्हा मात्र "पदवी पाहिजे, ताई." जो पोरगा लागला तो चांगला आहे, पण संध्याकाळी त्याचा हिशोब जुळला नाही की तो माझ्याकडंच बघतो. चूक मी सापडवून द्यायची, पगार त्याला, मला शेकडा तीन कमिशन. म्हणून घेतली ॲडमिशन. कॉलेज सकाळचं आहे, साडेअकराला सुटतं, दुपारपासून पिग्मी. जमतंय.

आता त्या फाईलमधल्या सगळ्यात जुन्या कागदाबद्दल सांगते, कारण माझा सगळा राग तिथं अडकलाय.

तो माझा बारावीचा दाखला. २००१ चा. आमचं माहेर माण तालुक्यातलं. निकाल लागल्यावर अण्णा, म्हणजे माझे वडील, स्वतः एसटीनं ज्युनिअर कॉलेजला गेले आणि दाखला काढून आणला. दाखल्यात एक रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. तिथल्या क्लार्कनं विचारलं, काय लिहू? अण्णांनी सांगितलं, पोरगी साताऱ्याला शिकायला जाणारे. त्यानं शाईच्या पेनानं लिहिलं, 'पुढील शिक्षणासाठी'. 'पुढील'मधला ड नाही ढ आहे, हेसुद्धा त्याला अण्णांनीच सांगितलं म्हणे. ही गोष्ट ते पुढं बारा वर्षं येईल त्याला सांगत होते.

त्या साली पाऊस झाला नाही. पुढच्या साली विहिरीनं तळ गाठला. २००२ च्या मे महिन्यात माझं लग्न झालं. २००३ चा दुष्काळ तर माणदेशात कुणीच विसरलेलं नाही, तोवर मी साताऱ्यात आले होते, पण शिकायला नाही. दाखला राहिला अण्णांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, सातबारा आणि रेशनकार्डाच्या मधोमध. २०१४ ला अण्णा गेले. भावानं पुडकं माझ्या हातात दिलं तेव्हा दाखल्याच्या घडीवर चिकटपट्टी लावलेली होती, पिवळी पडलेली. कधी लावली कुणास ठाऊक. म्हणजे मधल्या काळात ते तो कागद उघडून बघत असणार.

तो कागद आज त्या माणसानं दोन बोटांत धरला आणि म्हणाला, "एवढं जुनं कोण चालवून घेणार?"

ॲडमिशनला चालला ना रे बाबा! तुमच्याच कॉलेजनं चालवून घेतला, गॅपचं प्रतिज्ञापत्र घेऊन. फी घेताना जुना नव्हता तो.

फॉर्मची कथा तर वेगळीच. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाईटवर, प्रोफाईल भरायला बसले, लेक शेजारी. पहिल्या काही प्रश्नांतच विचारतात, वडील हयात आहेत का? नाही. आई हयात आहे का? आहे, सत्तरीची, गुडघे गेलेत, भावाकडं असते. व्यवसाय काय तिचा? मी लेकीकडं बघितलं, लेकीनं माझ्याकडं. बेचाळीस वर्षांची बाई, तिला तिच्या आईचा व्यवसाय विचारतायत. माझा नवरा एमआयडीसीत कंत्राटावर आहे, माझं कमिशन आहे, तलाठ्यापासून सेतूपर्यंत तीन चकरा मारून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढलाय. तो नवरा कुटुंबप्रमुख म्हणून निघाला. खिडकीवर म्हणतात, वडिलांच्या उत्पन्नाचा पाहिजे. म्हटलं, वडील अकरा वर्षांपूर्वी गेले. तर म्हणे, मग मृत्यूचा दाखला जोडा.

शिष्यवृत्ती मागायला माझी गरिबी चालत नाही. ती वडिलांकडूनच आलेली पाहिजे.

आणि नावाचं तर विचारूच नका. मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत आधाराशी जोडलेल्या खात्यावर मधल्या नावाचं नुसतंच आद्याक्षर. तीन बायका झाल्या माझ्या. लग्नाची नोंदणी तेव्हा कुणी करत होतं का आमच्यात? लग्नाला तेवीस वर्षं झाल्यावर मागच्या महिन्यात केली, साक्षीदार म्हणून नणंद आली आणि वर हसत म्हणाली, वहिनी, पेढे कुठायत. (दिले. कंदीच दिले.)

तर मूळ मुद्दा. मी अर्ज केलाय तो राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. आमचं दोघांचं मिळून त्याच्या पाव भागाच्या थोडं वर. अटी मी दोनदा वाचल्यात, पिग्मीवाली आहे, बारीक अक्षर वाचायची सवय आहे. एक अट अशी आहे की अभ्यासक्रम चालू असताना दोन वर्षांचा किंवा जास्त खंड नको. अभ्यासक्रम चालू असताना! क्लार्कसाहेब काय म्हणतात, "तुमचा गॅप चोवीस वर्षांचा आहे, नियम दोनचा आहे." अहो, माझा अभ्यासक्रम जूनमध्ये सुरू झाला. त्यात मी आत्तापर्यंत चार दिवस गैरहजर आहे, तेसुद्धा गौरी-गणपतीत. आधीची चोवीस वर्षं मी कुठल्या अभ्यासक्रमात होते ते त्यांनीच सांगावं.

मग दुसरी अट काढली. एका कुटुंबातल्या दोन मुलांनाच लाभ. माझी लेक बी.एस्सी.ला आहे, तिला ही सवलत चालू आहे. धाकटा यंदा बारावीला. तर म्हणे, "मुलीचं एक, पुढच्या वर्षी मुलाचं लागणार. मग तुमचं कसं बसवायचं?" म्हणजे मी माझ्याच घरातलं तिसरं अपत्य. खरं सांगते, तिथं मला हसू आलं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग माझं कितवं?" त्यांना हसताना बघून जरा बरं वाटलं.

पण आत्ता टाईप करताना परत चढायला लागलंय.

गेल्या वर्षी लाडकी बहीणचा फॉर्म भरला. अंगणवाडीत बसून, मोबाईलवर, एका दुपारी. एकवीस ते पासष्ट वय चालतं. महिन्याला दीडहजार खात्यात. तेव्हा मला कुणी वडिलांबद्दल विचारलं नाही, मधल्या वर्षांत काय करत होतीस ते विचारलं नाही. पैसे घेतले, नाही म्हणत नाही, यंदाच्या फीचा पहिला हप्ता त्यातूनच गेलाय. पण बघा ना, बहीण म्हणून मी पासष्टीपर्यंत चालते आणि विद्यार्थिनी म्हणून बेचाळिशीत दाखला जुना होतो.

कुणीतरी आता खाली लिहिणारच, मुक्त विद्यापीठातून कर की, एवढा त्रास कशाला. यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं विद्यापीठ १९८९ पासून आहे, आमच्या गल्लीतल्या दोघीजणी तिथून पदवीधर झाल्यात, चांगलंच आहे ते. मान्य. पण एक तर ही शिष्यवृत्ती दूरस्थ शिक्षणाला नाही. आणि दुसरं, मला वर्गात बसायचंय. बाकावर. तेवढी हौस माझी आहे, ती कुणाला पटवून द्यायला मी बांधील नाही.

आणि हे सगळं कुठं चाललंय? साताऱ्यात! १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ ला ती साताऱ्याला आणली. धननीच्या बागेतल्या बोर्डिंगला १९२७ साली गांधीजी येऊन गेले. त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी. हे आपल्याकडं शेंबड्या पोराला पाठ असतं. स्वतः अण्णा मॅट्रिक नव्हते (कर्मवीरांनाही अण्णाच म्हणायचे, माझ्या अण्णांना त्याचं फार अप्रूप), आणि पुणे विद्यापीठानं त्यांना १९५९ साली डी.लिट. दिली, सत्तरी ओलांडल्यावर. त्यांना कुणी विचारलं नाही, मधला गॅप किती म्हणून. 'कमवा आणि शिका' असं आपण भिंतीभिंतीवर रंगवतो. मी वीस वर्षं कमवतेच आहे, फक्त शिकायचं राहिलंय, तर म्हणे मुलीला पाठवा.

नायगावसुद्धा आपल्याच जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. सावित्रीबाई लग्न झाल्यावर शिकल्या. नवऱ्याच्या घरी. पुढं १८५५ साली त्या दोघांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, दिवसभर राबणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. दर ३ जानेवारीला त्या खिडकीच्या वरच्या फोटोला हार घालतात. हार आजही होता, सुकलेला. काढायला कुणाला वेळ नाही.

असो. भांडून आले का? आले. आवाज चढला माझा. आता वाईट वाटतंय.

कारण त्या क्लार्कचं पण ऐकलं मी नंतर. बाहेर पाण्याच्या टाकीपाशी भेटला. तोही कंत्राटावर, माझ्या नवऱ्यासारखा. तीनेकशे अर्ज एकटा तपासतो, सर्व्हर सकाळी चालत नाही म्हणून रात्री घरून बसतो, आणि एक अर्ज चुकीचा पुढं गेला तर नोटीस त्याच्या नावानं. खोटे दाखले जोडून पैसे उचलणारे पण असतात, नाही असं नाही. मला म्हणाला, "मॅडम, (मावशीची मॅडम झाले होते तोवर) माझी पण आई सातवी आहे. तिनं असं कधी म्हटलंच नाही, म्हणून मला सुचलंच नाही की अर्ज तुमचा असेल." मला त्याच्यावर चिडायचं होतं, ते तिथंच राहून गेलं. म्हणाला, गॅपच्या अटीचं वरिष्ठांना विचारतो, उद्या या.

उद्या या. हेच ऐकत आलोय आपण. पण हा माणूस 'उद्या' म्हणताना माझ्याकडं बघून म्हणाला, हेही खरं.

दाखला त्यानं परत दिला तेव्हा मी तो रकाना त्याला दाखवला. बोट ठेवून. शाळा सोडण्याचे कारण, पुढील शिक्षणासाठी. त्यानं वाचलं. मग तारीख वाचली. मग परत ती ओळ वाचली आणि म्हणाला, "ह्याची रंगीत झेरॉक्स जोडा, ओरिजनल नका देऊ कुणाकडं. घडीवर फाटेल." एवढंच म्हणाला. मी पोवई नाक्यापर्यंत चालत आले, रिक्षा केली नाही, पिग्मीला उशीर झाला तरी. खण आळीतल्या शेठनी विचारलं, ताई आज उशीर? म्हटलं, कॉलेजात काम होतं. पहिल्यांदा असं म्हणाले मी कुणाला. लेकीच्या कॉलेजात काम होतं असं सांगायची पाळी याआधी शंभरदा आली असेल.

शिट्ट्या पाच झाल्या वाटतं. भाताचा लगदा होणार आज.

लेक मागं उभी राहून वाचतेय. म्हणतेय, मम्मी, वडील 'नाही' केलं तर पालक म्हणून कुणाचं तरी नाव लागतंच ना, माझं लाव, मी येते उद्या सोबत.

ये म्हटलं. पण साडेअकराला नेमकी ये, जेवणाच्या सुट्टीनंतर साहेब जागेवर नसतात.