घरच्यासारखं म्हणे!

आज लंचला ऑफिसातल्या एक मॅडम सांगत होत्या, आमच्या मावशींना आम्ही अगदी घरच्यासारखं वागवतो, दिवाळीला साडी, बोनस, पोरीची फीसुद्धा भरली. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकंच फिरलं, कारण यांच्याकडे सत्यनारायणाला गेले होते तेव्हा मावशींचा कप पाहिलाय मी. कान तुटलेला, सिंकखाली, फिनाइलच्या बाटलीला टेकून ठेवलेला.

मला बिशप अझरया आठवले. तिरुनेलवेलीकडच्या खेड्यातला नाडर जातीच्या घरातला मुलगा, १९०९ मध्ये निजामाच्या राज्यात दोर्नकलला गेला, आधी तंबूतच राहिला, तमिळ माणूस पण तेलुगू शिकला. पुढच्याच वर्षी एडिनबरोला जगभरच्या मिशनऱ्यांची परिषद, समोर हजारावर लोक, बहुतेक सगळे गोरे, आणि हा पस्तिशीचा पाद्री उभा राहून म्हणाला की तुम्ही गरिबांना अन्न दिलंत, जीवही दिलात, आता आम्हाला मित्र द्या! काहींना भयंकर झोंबलं. झोंबणारच ना, वर्षानुवर्षं उपकार करणाऱ्याला कुणी असं सुनावतं का?

तरी १९१२ मध्ये कलकत्त्याला त्यांना बिशप केलं, अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे पहिले भारतीय बिशप. दोर्नकलला त्यांनी बांधलेलं कॅथीड्रल फोटोत तरी बघा, मिनार, घुमट, देवळासारखे खांब, सगळं एकत्र.

आता कुणीतरी म्हणेलच की ते ब्रिटिशांच्या चर्चचे, धर्मांतरावरून गांधीजींशी वाजलेलं. हो, वाजलं होतं, मलाही त्यांचं सगळंच पटत नाही. आणि मॅडमनी भरलेली फीही खरी आहे, ती पोरगी शिकतेय, चांगलंच आहे. पण त्या दिवशी मावशी दाराशी उभ्या राहून चहा प्यायल्या, मी म्हटलं बसा की, तर हसून म्हणाल्या, नको ताई, सवय आहे. अजून आठवलं की कसंतरी होतं.

‘हिंदू म्हणून मरणार नाही’ या १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर बाबासाहेबांनी अझरयांना विचारलं होतं म्हणतात, आमची माणसं तुमच्यात आली तर सगळीकडे एक राहतील का, जात सुटेल का? त्यांना हो म्हणता आलं नाही, फार शरम वाटली म्हणे. चर्चच्या एकीसाठी जन्मभर खपलेला माणूस, १९४५ ला गेले आणि वेगवेगळे पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया झालं १९४७ ला. पण निदान लाज वाटली त्यांना, आपल्याकडे तीही नाही.

आणि हो, कमेंटमध्ये हायजीनचं कारण घेऊन येऊ नका. त्याच हातच्या पोळ्या चालतात ना तुम्हाला?